अर्ध्या बोटाचा फरक

शोकसभेत मला बोलायला सांगितलं.
माईक हातात आला तसा पुढच्याला दिला.
मला थापी धरता येते.
म्हणून हे आता लिहितेय, मटेरियलच्या वहीत,
वाळूच्या हिशोबाखाली.

हवालदार भरमाण्णा गावडू हुंदरे, बिजगर्णी.
पाटीवर एवढंच बसेल.
पाटीवाल्याने विचारलं, कुठल्या भाषेत?
आणि मांडव एकदम गप्प.

(आप्पांनी बांधलेल्या बसस्टॉपवर
नावासाठी एक चौकोन घोटून गुळगुळीत केलाय.
भांडण मिटलं की लिवा, म्हणाले होते.
बावीस वर्षं झाली.
पोरं त्यावर कोळशाने स्टंप काढतात,
तीन उभ्या रेघा.
त्यांच्यावर अजून कुणाची हरकत नाही.)

उजव्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून
ते पलटणीतून घरी आले.
लढाईचं विचारलं की वाळूच्या पोत्यांचं सांगायचे:
पोत्यावर पोतं रचायचं, पण सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
पुढे तेच चिऱ्याला लावलं.
शाळेची भिंत, पाण्याची टाकी, बसस्टॉप,
तालमीचा आखाडा, ज्याचे पैसे अजून आलेले नाहीत.

मी घमेली वाहायची. दिवसाला साठ रुपये.
जेवणाच्या सुट्टीत एकदा त्यांची थापी उचलून
भिंतीवर हात फिरवत होते, तर हे मागे उभे.
म्हटलं, गेलं काम.
"मनगट सैल सोड की, रेणुके.
भिंतीला मारतीस, का जेवाय वाढतीस?"
दुसऱ्या दिवशी मी रांगेत बसले
तेव्हा दोन गवंडी काम टाकून गेले.
आप्पांनी त्यांचा हिशोब पैशासकट चुकता केला
आणि त्यातल्या एकाचा ओळंबा माझ्याकडे दिला.

साठीनंतर नातीच्या पुस्तकातून कन्नड गिरवलं,
तहसीलच्या खिडकीतून बायकांचे अर्ज परत यायचे म्हणून.
गोलाकार अक्षरं जमेनात.
कवायतीत सगळं सरळच शिकवलं, म्हणायचे.
त्या वाकड्या गोलांवर माझ्या आईची पेन्शन सुरू झाली.

मार्कंडेय चढली त्या ऑगस्टात
ट्रॅक्टरची ट्यूब आणि दोरखंड घेऊन तीन रात्री बाहेर.
खिशात कायम रक्तगटांची यादी.
माझा ओ निगेटिव्ह त्यांना पाठ होता, माझं आडनाव नाही.

घरचं छप्पर मात्र गळायचं.
काकी बादल्या मांडून झोपायच्या.
हे माईकवर कुणीच बोललं नाही.

आता खांबाचं.
स्मशानातल्या शेडला चार खांब.
तिसरा माझा, आयुष्यातला पहिला.
दुसऱ्या दिवशी ओळंबा सोडला तर अर्धं बोट बाहेर.
फोडते, म्हणाले. रडायला आलं होतं.
सुताएवढ्या फरकासाठी
लोकांच्या अख्ख्या भिंती पाडायला लावणारा माणूस,
दोरी गुंडाळत म्हणाला,
"असूंदे. छप्पर धरलं म्हंजे झालं."
चौथा खांब त्यांनी स्वतः उचलला.

अठरा वर्षं मला वाटत होतं, बाईमाणूस म्हणून सोडलं.
गावात कुणी गेलं की मी त्या खांबाला पाठ लावून उभी राहायची,
तिरकेपण झाकायला.

सोमवारी आप्पांना त्याच शेडमध्ये ठेवलं.
रक्षाविसर्जनाला मी सगळ्यांच्या आधी पोचले.
पिशवीत ओळंबा असतोच.
काय मनात आलं कोण जाणे,
चौथ्या खांबाला लावून बघितला.

अर्धं बोट.
त्याच बाजूला.

पुन्हा लावला. वारा थांबेपर्यंत थांबले, पुन्हा लावला.

मग माणसं आली.
राखेला मडकं पुरेना,
तेव्हा कामावरची बादली नळाखाली घासून घासून धुतली
आणि दिली.